रतनशी चाळीचं चेंबर

५ जानेवारी, सोमवार

आधी माफी. पावणेदोन वर्षं इथे एक ओळ लिहिली नाही. आई गेली, आणि वही उघडली तरी पेनाचं टोपण काढावंसं वाटेना. पण आज नव्या नोकरीचा पहिला दिवस होता, आणि ही आनंदाची गोष्ट सांगायला घरात कुणी नाही. म्हणून तुझ्याकडे आले.

परळच्या एका बंद गिरणीच्या आवारात प्रयोगशाळा आहे. गटाराच्या पाण्यात औषधांचे किती अंश उतरतात ते मोजायचं. माणूस गोळी घेतो, थोडी अंगी लागते, उरलेली मोरीतून गटारात आणि तिथून समुद्रात. कामात अर्थ आहे. आमचे साहेब अनिश माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान, मी शेहेचाळीस. चेंबरची झाकणं उघडायला रामदास आहेत, पन्नाशीचे. ओळख होताच म्हणाले, "एमएस्सी होऊन गटारात? पोरगा नापास झाला तेव्हा मी त्याला हीच धमकी दिलेली." खूप दिवसांनी मोठ्याने हसले.

८ जानेवारी, गुरुवार

आज लालबागच्या गल्ल्या. झाकण काढल्यावर अर्धा तास थांबून वायू जाऊ द्यायचा, मग दोरीला बांधलेली बाटली खाली सोडायची. तेवढ्या वेळात रामदास गल्लीची पत्रिका मांडतात: हे साखरवाले, ते बीपीवाले. "माणूस डॉक्टरला थापा मारतो, संघमित्राताई. मोरीला नाय मारत."

शेवटी रतनशी चाळ. चाळीस खोल्या, पुनर्विकासासाठी दीड वर्षापासून रिकाम्या. गळक्या नळाची बारीक धार तेवढी येते. तीस तारखेला हे चेंबर सिमेंट ओतून बुजवायचं आहे. त्याआधी आमचा दाखला लागतो: 'वापर निरंक'. खाली सही माझी.

१२ जानेवारी, सोमवार

निरंक नाही. रतनशीच्या पाण्यात फिटच्या गोळीचा अंश आहे. अनिश म्हणाले, लोक घर सोडताना जुनी औषधं मोरीत ओततात. खरं आहे. आई गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या आदल्या दिवशी मीही तिच्या पट्ट्यांतली एकेक गोळी दाबून मोरीत सोडली होती. गेलेल्या माणसाचं औषध कोण घरात ठेवतं?

पण अशी टाकलेली गोळी पाण्यात तशीच सापडते. पोटातून गेलेली रूप बदलून येते, आणि यंत्र दोन्ही वेगळी दाखवतं. ही बदललेली आहे. माझंच काही चुकलं असेल. उद्यापासून रोज नमुना घेते.

१६ जानेवारी, शुक्रवार

चुकलं नव्हतं. आज पोलिसांना घेऊन आत गेलो. खोल्यांची दारं विटांनी चिणलेली. जिन्यावरच्या धुळीत फक्त आमच्याच चपलांचे ठसे. बाहेर आल्यावर रामदासांनी हवालदाराला विचारलं, "उंदरांना फिट येते काय हो?" कुणी हसलं नाही. ते स्वतःही नाही.

२० जानेवारी, मंगळवार

अंश कमी होतोय. पहिल्यांदा दिवसाला दोन गोळ्यांइतका होता. मग एक. आज अर्धी. हे मी ओळखते. पट्टी संपत आली की माणूस पुरवून खातो. लॉकडाऊनमध्ये आईने तेच केलं होतं, मला न सांगता.

म्हणजे आत कुणीतरी आहे. आणि दहा दिवसांनी माझ्या सहीने त्याची वाट बंद होणार.

२१ जानेवारी

केलं ते शास्त्राला धरून नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर फिटच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवून आले.

२२ जानेवारी

पट्टी तिथेच. धुळीत नवा ठसा नाही. मागचा चंदेरी कागद कुठेही फाटलेला नाही. पण दोन खळगे रिकामे. पाण्यात पुन्हा पूर्ण दोन गोळ्या.

रामदासांना दाखवली. त्यांनी हात लावला नाही.

२७ जानेवारी

बातमी पसरली असावी. आज पाण्यात साखरेची गोळी, थायरॉईडची, रक्त पातळ करण्याची. सगळ्या पाव-पाव. पुरवून खाल्लेल्या.

रामदास म्हणाले, चाळीतली म्हातारी माणसं नवी इमारत होईपर्यंत राहायला संक्रमण शिबिरात गेली, ती फारशी जगली नाहीत. मग त्यांच्या गोळ्याही मुलांनी टाकून दिल्या असतील. मी टाकल्या तशा. मागे काही उरलंच नसेल त्यांना —

२९ जानेवारी

अनिशना सगळे आकडे दाखवले. ते रागावले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, मॅडम, दहा दिवस सुट्टी घ्या, पण आधी सही करा. मी म्हटलं, आत माणसं आहेत. ते म्हणाले, मग दाखवा ना. दाखवता आली नाहीत. फार दमले होते. एवढंच खरं कारण, दुसरं शोधत बसणार नाही.

'निरंक' लिहिलं. सही केली.

३० जानेवारी

सिमेंट ओतलं. रामदास कामावर आले नाहीत.

२ फेब्रुवारी

शनिवारपासून तोंड कडू आहे. हात जड. सुट्टी न घेता कामावर गेले आणि उगाच, खात्रीसाठी, स्वतःच्या लघवीचा नमुना यंत्राला लावला.

मी एकही गोळी घेत नाही. कधीच नाही. यंत्रावर सगळ्या आहेत. फिटची, साखरेची, थायरॉईडची — बदललेल्या. माझ्या पोटातून गेलेल्या. यंत्र धुतलं. पुन्हा लावला. तेच —

३ फेब्रुवारी

त्यांची वाट मी बुजवली. दुसरी कुठली —

४ फेब्रुवारी

अंश कमी होतायत. परवाच्या निम्मे. पुन्हा पुरवून खातायत. फिटची गोळी अर्ध्यावर. सकाळपासून डावा हात आपोआप — पेन धरवत नाही. गोळी चुकली तर फिट कुणाला येणार, त्यांना की —

उद्या: दुकान उघडताच फिटच्या गोळ्या आणायच्या, मग बाकी सगळ्यांच्या, एकही खोली न विसर —