सहा काजांचा कोट

प्रिय हट्टीबाई,

हे पत्र आणि पिशवी मामा तुझ्या हातात देईल. पिशवी लगेच उघडू नकोस. आधी बस, पाणी पी. फोन केला नाही, कारण फोनवर तू ओरडतेस आणि मग मीही ओरडतो.

तू कोट पाठवलास, सोबत चिठ्ठी: “बाबा, फक्त सहा काजं करून द्या. तुमच्यासारखी कुणी करत नाही.” आठ महिन्यांत तुझं हे पहिलं अक्षर. आईनं चिठ्ठी तीनदा वाचली. मी एकदाच वाचली, पण ती अजून माझ्या खिशात आहे.

काजं एका सकाळीत झाली. मग कोट टेबलावर ठेवला, तर तो चक्क उभा राहिला! आत ताठपणा देणारं कॅनव्हास नाही, खांद्यांत पॅड नाही, पाठीवर मात्र हा एवढा डोंगर. जाड चष्म्याच्या एका गिऱ्हाइकानं तर ‘साहेब, पँट कधी मिळेल?’ हे मला सोडून त्यालाच विचारलं.

चाळीस वर्षं कोट शिवतोय, पण हा उभा कसा राहतो ते कळेना. आई म्हणाली, “हात लावू नका हं.” ती बाजारात गेली आणि मी एक टाका उसवला. मग दुसरा. शेवटी टेबलावर एकच सपाट, चौकोनी कापड उरलं. माझी काजं सोडली तर कुठे कात्री लागलेली नाही, नुसत्या घड्या! जपानी शिवणात अंग आणि कापड यांच्यामधल्या मोकळ्या जागेलाही मान असतो, असं तू सांगत होतीस, तेव्हा मी जांभई दिली होती. मी तर जन्मभर तीच जागा टाचण्या लावून काढून टाकत आलो.

तीन दिवस घड्या घालतोय. पहिल्यांदा तंबू झाला, दुसऱ्यांदा पिशवी. काल जे काही झालं ते अंगात घातलं, तर हात बाहेर काढायला आईला बोलवावं लागलं. ती हसून हसून खालीच बसली.

तर पिशवीत कोट नाही, कापड आहे. तुझं प्रदर्शन शनिवारी. मी उद्या दुपारच्या गाडीनं सुईदोरा घेऊन निघतोय. घड्या तू घाल, टाके मी घालतो. मागच्या प्रदर्शनात मी चारचौघांत म्हणालो, ‘हे घालायचं की यात राहायचं?’ लोक हसले, तू आत निघून गेलीस. ते मी बोलायला नको होतं. खरं सांगू? आपल्याला येत नाही ते पोरीला येतं, हे तेव्हाच दिसलं होतं आणि मी घाबरलो होतो. दार उघडशील ना?

तुझाच, आणि शनिवारपर्यंत तुझ्या हाताखालचा,
बाबा