एको काढल्यावर

दादा,

आपल्या रॉक बँडची जुनी रेकॉर्ड पुन्हा निघतेय. नवं मिक्सिंग माझ्याकडेच आलंय. मूळ टेपवर प्रत्येकाचा आवाज सुटा आहे, माझासुद्धा. तुझं गाणं सुरू होण्याआधीचं तुझं बोलणंही सापडलं: "धाकट्याला कोरसमधून काढा, बेसूर आहे." आणि इतकी वर्षं तू ते रेकॉर्ड कंपनीवर ढकललंस!

मग मी तुझ्या आवाजावरचा सगळा एको, तो घुमारा, काढून टाकला. त्याखाली काय बेसूर रडगाणं होतं रे! सूर सरळ करायचं बटण हाताशीच होतं. दाबलं नाही.

आईला ऐकवलं. तिने तोंड वाकडं केलं. "धाकट्या, हा तूच ना?"

मी तुझं नाव सांगितलं.

कव्हरवर फोटो तुझा एकट्याचाच छापायला सांगितलाय, अगदी मोठा. हे पत्र टाकत नाही. रेकॉर्डच पाठवतो.

कोरसमध्ये परत आलेला,
धाकटा