दुधाची गाठ

सफाक्स, ८ मार्च २००३

दलिला,

सलाम. तब्येत बरी असेल, गुडघे फार त्रास देत नसतील, असं धरून चालते. इकडे सगळे ठीक. बदामाला फूल आलंय, अनीसची बदली टळली, होदा सूनबाई मजेत. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून पत्र फाडू नकोस, आधी वाच.

माझ्या मानेत गाठ आली आहे. लिंबाएवढी, दुखत नाही. आवाजही तीन महिने बसलेला. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घसा पाहिला आणि मग नेहमीसारखं मुलाला एकट्याला आत बोलावलं. अनीस बाहेर येऊन म्हणाला, "काही नाही गं आई, दुधाची गाठ. कच्च्या दुधातून होते, गोळ्यांनी जिरते." बोलताना माझ्याकडे बघेना.

आधी बारीक सुई झाली. गाठीत चारदा खुपसली, थेंब काचेवर पसरला. पंधरा दिवसांनी म्हणे, पेशी पुरेशा आल्या नाहीत. मग मान बधिर करून, पडद्यावर बघत बघत जाड सुई. खटका वाजायचा नि शेवईएवढा तुकडा बाटलीत. मी नर्सला विचारलं, "एवढी जाड कशाला गं?"

"बारीक सुईत सुट्या पेशीच येतात, मावशी. तुकडा मिळाला की काय आहे ते नीट कळतं, कुठून आलंय तेही."

लगेच अनीस मध्ये पडला, "आई, चप्पल घाल, उशीर होतोय."

कुठून आलंय म्हणजे? दूध गाईतून येतं, त्यात शोधायचं काय?

आणि काल शुक्रवारी कुसकुसाबरोबर होदाने माझ्यापुढे ताक ठेवलं. खेड्यावरचं, कच्च्या दुधाचं. दुधाचीच गाठ असती तर मला त्याला हात लावू दिला असता? खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोला. शिवाय होदा हल्ली भांडत नाही. मिठावरून बोलले तर म्हणाली, "तुमचंच खरं, आई."

अनीसला काय बोलू? त्याने हे माझंच बघितलंय. हेदीच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मला आत बोलावलं होतं, आणि मी बाहेर येऊन हेदीला फुफ्फुसात पाणी झालंय म्हणून सांगितलं. तू म्हणालीस, माझ्या भावाला कळू दे. मी तुला दाराबाहेर काढलं.

तू गेल्यावर काय झालं ते कोणाला सांगितलेलं नाही. हेदीने मला तीनदा विचारलं, खरं काय झालंय म्हणून. तिसऱ्यांदा हात धरून. मी म्हटलं, "वेडा आहेस का, रमजानपर्यंत हिंडाफिरायला लागशील." त्यानंतर त्याने कोणालाच काही विचारलं नाही. त्याला कळलं होतं, दलिला. माझ्यामुळे तो एकटाच ते घेऊन पडून राहिला.

तुकड्याचा रिपोर्ट आलाय. अनीसच्या कोटात सापडला. झेरॉक्स काढून मूळ कागद होता तसा ठेवला. सगळा फ्रेंचमध्ये, मला एक अक्षर लागत नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला अनीसचा दोस्त, तोही दूधच सांगेल. तू जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवलंस. झेरॉक्स सोबत आहे. जे लिहिलंय तेच अरबीत उतरवून पाठव, एक शब्द गाळू नकोस. फोन करू नकोस, होदा उचलते.

या घरात मला खरं सांगेल असं एकच माणूस होतं, ते मी हाकललं. रागात लिही, चालेल, पण लिही.

अजूनही म्हणणार असशील तर, तुझी वहिनी,
मुंजिया