बदकांच्या ओळखीचा कोट

२७ जून, दुपार

प्रिय बाबा,

कसा आहेस? पाठ अजून धरते का? गोळ्या घेत जा, नुसत्या कपाटात ठेवू नकोस. मी मजेत आहे. जेवण वेळेवर, झोप भरपूर.

वर गावाचं नाव नाही, हे तू पहिल्याच नजरेत हेरलं असशील. सांगते, जरा दम धर.

परीक्षा संपल्यावर आमच्या वसतिगृहात एकच विषय होता, सुट्टीत काय करणार? सुन्निवा मासळीच्या कारखान्यात गेली आणि अंगाचा वास जात नाही म्हणून रडते आहे. एरलेंड पाठीवर पिशवी टाकून ग्रीसला गेला. आईबापाच्या जिवावर जग बघायला काय जातंय! मी तुला सांगितलं, हॉटेलात काम मिळालंय. ते खोटं होतं. मी बोर्घिल्डआत्याकडे आहे, बेटावर. बाबा, कागद फाडू नकोस, पुढे वाच.

मला फक्त कुतूहल होतं. ज्या घराचा विषय निघाला की तू उठून खिडकीशी जातोस, ते घर आहे तरी कसं? धक्क्यावर उतरले तर आत्या गुडघ्याला पट्टा बांधून उभी. म्हणाली, "बापाचंच नाक घेऊन आलीस! चल, आणि हळू बोल. बदकं अंड्यांवर बसलीत."

तुला हे सगळं तोंडपाठ, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही. समुद्रावरची रानबदकं आपण होऊन माणसाच्या दारात येतात. त्यांना दगडाफळ्यांची घरटी बांधून द्यायची, गरुडापासून राखायचं, आणि ती पिल्लांना घेऊन पाण्यात गेली की मागे राहिलेली मऊ पिसं रजयांसाठी गोळा करायची. हा सौदा पहिल्यांदा कुणी कुणाशी ठरवला असेल? आत्याला विचारलं तर म्हणे, "बदकांना विचार."

तिला वाकता येत नाही, म्हणून घरट्यांची फेरी माझ्याकडे आली. मी ऐटीत माझं लाल जॅकेट घालून गेले, आणि माद्या अंडी उघडी टाकून फडफडत पळाल्या. आत्या दबक्या आवाजात कडाडली, "अगं शहाणे, कॉलेजात एवढंही शिकवत नाहीत? त्यांना माणूस कपड्यांवरून कळतो!" तिने खुंटीवरचा जुना हिरवा कोट माझ्या अंगावर फेकला. तो घालून गेले तर एकही जागची हलली नाही. एकीने तर मला तिच्या अंड्यांभोवतीचं पीस सारखं करू दिलं.

कोट पुरुषी मापाचा. कॉलरच्या आत काळ्या दोऱ्याने तुझं नाव भरलेलं.

"आत्या, हा बाबाचा?"

ती बटाटे सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मग? तो रुसून गेला म्हणून बदकांनीही जायचं का? इतकी वर्षं मीच घालते. त्यांना वाटतं तो इथेच आहे."

मला रडू आलं, बाबा. आजी गेल्यावर बेट विकायचं की राखायचं, यावरून तुम्ही भांडलात, एवढं मला ठाऊक आहे. कुणाचं बरोबर होतं ते विचारत नाही.

पिल्लं परवा पाण्यात गेली. आता घरटी दुरुस्त करायला हवीत. दगड उचलणं आत्याच्या आवाक्यातलं नाही, ते रचणं मला एकटीला येत नाही, आणि ऑगस्टमध्ये माझं कॉलेज सुरू होतंय. घरटी पडकी राहिली तर पुढच्या वसंतात बदकं दुसरं बेट बघतील. आत्या म्हणते, एकदा गेली की ती परत येत नाहीत. ती तुला बोलावणार नाही. आपल्या घराण्यात पडतं घेणं कुणाला ठाऊक आहे? म्हणून मी बोलावते आहे. ये.

काल जेवताना तिला म्हटलं, बाबाला लिहितेय, काही निरोप? म्हणाली, "निरोप कसला? मासा गार होतोय, जेव."

टपालाची बोट यायची वेळ झाली. मी धक्क्यावर पत्र देऊन येते म्हटलं, तर आत्या केव्हाची बूट घालून दारात उभी आहे. "दे इकडे, मीच नेते," म्हणते. त्या गुडघ्याने, एवढा उतार! ऐकतच नाही.

तिला फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींपैकी एक,
मारित