तांडेलाला मी काय सांगितलं

बाबा, तुम्ही पुळणीवर दुसऱ्यांदा कोसळलात तेव्हा मी सातवीत होते. मैत्रिणी बघत होत्या, म्हणून मी मोठ्याने म्हणाले, "उठा आता, उतरली असेल." तुम्ही थेंबही घेतलेला नव्हता. तरी ओशाळून हसलात, अंगावरची वाळू झटकलीत. त्याच महिन्यात होडीवर जाळं ओढताना पडलात ते उठलाच नाहीत.

आता मी पदवीधर आहे, आपल्या घरातली पहिली. रत्नागिरीत एका दवाखान्यात ईसीजी काढते. धडधाकट दिसणाऱ्या मुलांत एखाद्याचं हृदय तुमच्यासारखं निघतं, ते वेळेत कळावं म्हणून आम्ही शिबिरं घेतो. आपल्या बुरोंडीत शिबिर व्हावं म्हणून मीच डॉक्टरांच्या मागे लागले. त्या दिवशी देवळाच्या ओट्यावर आपला धाकटा आडवा झालाय, छातीवरच्या वायरी बघून म्हणतोय, "ताय, करंट देऊन मारतेस काय गो?" पोरं हसतायत. मी हसत नाही, कारण त्याच्या ईसीजीची पट्टी माझ्या हातात आहे. पुढच्या तपासण्यांत कळलं, हृदयाची भिंत जाड आहे, बहुधा तुमच्याकडूनच आलेली. डॉक्टर म्हणाले, जाळं ओढणं बंद.

"कुणाला सांगू नको," धाकटा म्हणाला. मी त्याच्या होडीच्या तांडेलाला सांगितलं; होडीवर कोण खलाशी घ्यायचा ते तोच ठरवतो. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ सोडून झाल्यावर सगळ्या खलाशांसमोर तांडेल त्याला म्हणाला, "तू उतर रे. तुझ्या बापाला मीच उचलून किनाऱ्याला आणलाय. परत नाय जमायचं." मग कुठल्याच होडीने त्याला घेतलं नाही. बंदरावरची पोरं त्याला 'काचेचा' म्हणू लागली. आई मला म्हणाली, "एवढी शिकवली ती भावाला घरी बसवायला?" धाकटा चार महिने माझ्याशी बोलला नाही. सुट्टीला घरी गेले की मी वाढलेलं ताट तसंच राहायचं.

गेल्या आठवड्यात मी घरी असताना लांबच्या बंदरातल्या एका तांडेलाचा फोन आला. धाकट्याने माझाच नंबर दिला होता. बहीण दवाखान्यात असते म्हणून. "पोरगा तब्येतीने बरा आहे ना, बाय?" धाकटा समोर उभा होता, इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत.

"बरा आहे," मी म्हणाले.

परवा तो होडीवर चढला. हे कुणाला वाचायला द्यायचं नाही, तुम्हाला पोचणारही नाही, म्हणून लिहितेय. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "ताय, चाय कर ना." मी केली. आणि बाबा, मला खूप बरं वाटलं.