कदमकाकांचं धुकं

८ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळ

आठ वाजता पेपरला लेख द्यायचा होता आणि सहा वाजता कळलं, त्यातलं मुख्य वाक्यच चूक आहे. बरं झालं, वेळेत कळलं.

कदमकाकांचं चित्र. वरसाव्याची खाडी, थंडीतली पहाट, पलीकडचा डोंगर जेमतेम दिसतोय, अलीकडे एक होडी, बाकी सगळं धुकं. केबिन रोडवरच्या दुकानांच्या पाट्या रंगवण्यात आयुष्य गेलेला माणूस जलरंगात हे करतोय, म्हणून मी खूश होऊन लिहिलं होतं, ‘धुक्याच्या पांढऱ्या रंगावर विलक्षण हुकमत.’ चित्राचं माप घ्यायला गोडदेवला त्यांच्या घरी गेलो आणि वाचून दाखवलं.

काका हसले. “अहो, पांढरा रंग माझ्या घरातच नाहीये. तो कागद आहे.”

“म्हणजे धुकं रंगवलंच नाही?”

“पाटीवर पण कधी कधी अक्षर सोडून बाजूनेच रंग भरायचो. तुम्ही एवढी वर्षं लिहिताय, जागा सोडत नाही वाटतं?”

चष्मा लावून पुन्हा पाहिलं. ओला राखाडी रंग होडीपर्यंत आणून थांबवलाय, पुढे नुसता कोरा कागद. तरी बघताना गारठा जाणवतो. कुठे थांबायचं हे हाताला कसं कळत असेल? मला अजून नाही कळत.

घरी येऊन ते वाक्य खोडलं, मग आजूबाजूची विशेषणंही, आणि लेख पाठवला. पान लावणाऱ्या मानसीचा फोन आला, “सर, चार ओळी कमी पडतायत.”

म्हटलं, चित्र मोठं लाव. आणि होडीभोवतीचा कोरा भाग कापू नकोस.