नऊ क्वेसारांची चूक

कोरेगाव,
१२ फेब्रुवारी २०२५

आबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? मेंढरं अजून कृष्णाकाठालाच बसवलीत, की जतकडं माघारी आणलीत?

मी इथं प्रांजलच्या घरी उतरलेय. माझ्याबरोबर पुण्यात संशोधन करते, ती. काल इथल्या कॉलेजात माझं भाषण झालं. पोरांनी लय प्रश्न विचारले.

फोनवरही बोलता आलं असतं. पण तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईकडं देता. म्हणून लिहिते. सावकाश वाचा.

पेपरातली बातमी तुम्हाला पाठच आहे. आपल्या पोरीनं क्वेसारांभोवती नवे तारे जन्मताना टिपले. क्वेसार म्हणजे फार लांबच्या आकाशगंगेच्या मधोमध असलेलं राक्षसी कृष्णविवर. आजूबाजूचा वायू आत ओढला जाताना तिथं सगळं भगभगतं. तिथून येणाऱ्या रेडिओ लहरी आमची दुर्बीण पकडते. त्या नव्या ताऱ्यांमुळं येतात, तशा विवरामुळंही येतात. तेरा क्वेसारांच्या लहरी मी ताऱ्यांच्या म्हणून धरल्या. पुढं जास्त बारीक बघणाऱ्या दुर्बिणीची निरीक्षणं हाती आली. नऊ ठिकाणी लहरी फक्त मधल्या ठिपक्यातून येत होत्या. म्हणजे विवराच्या. मी शोधनिबंधात छापलं तेवढे तारे तिथं नाहीतच, आबा.

हे मला दहा जानेवारीला कळलं. गावात सत्कार झाला सव्वीसला.

झेंडावंदनानंतर तुम्ही स्वतःच्या अंगावरचं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलंत. "माज्या लेकीनं आभाळ वाचलं," म्हणालात. तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. तरी मी हसून फोटो काढून घेतले.

"कुणाच्या ध्यानात येणार न्हाई गं," प्रांजल म्हणाली होती. कदाचित आलंही नसतं. पण पुण्यात परतल्यावर मला जेवण जाईना. तिसऱ्या दिवशी मी माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्यांनी आकडे दोनदा तपासले आणि एवढंच विचारलं, "निबंध मागं घेतेस?"

घेतला. जर्मनीतली जागा त्या निबंधावर मिळाली होती, ती गेली. पदवीही वर्षभर लांबली.

काल भाषणाआधी प्राचार्य म्हणाले, "तेवढं चुकीचं वगळून सांगा, मुलं नाउमेद होतील." मी सुरुवातच तिथून केली.

चार ठिकाणी मात्र लहरी साऱ्या आकाशगंगेभर पसरल्यात. तिथं तारे जन्मतायत, याबद्दल मला शंका नाही. आता नव्यानं चाळीस क्वेसार बघायला घेतलेत, दोन्ही दुर्बिणींनी. घाई करणार नाही.

बावीसला, शनिवारी, एसटीनं येते. रविवारी सगळ्यांना शाळेत बोलवा. आई म्हणेल, "आवं, कशाला गावभर करायचं?" तिला सांगा, जिथं हार घेतला तिथंच हे सांगायचं आहे. तुम्ही शेजारी उभे राहिलात तर मला बळ येईल. नाही राहिलात, तरी मी बोलणार.

चुकीबद्दल माफी मागत नाही, ती मी निस्तरतेय. महिनाभर तुमच्यापासून लपवलं, तेवढ्याची मागते.

तुमचीच,
उत्कर्षा